अंग घासावे, पण किती?
कोरफडीचे व अळशीचे घरगुती उटणे

पास्काच्या सणानंतरच्या एका रविवारी मिस्सा आटोपून मंडळी ओट्यावर चहासाठी रेंगाळली होती. कामरेजकडच्या आमच्या एका कुटुंबातली मुलगी आईला घेऊन आमच्याकडे आली. मे महिन्यात तिचे लग्न होते. घरची केळीची बाग आणि दोन एकर भेंडी, त्यामुळे वर्षभर हात चिकाने काळवंडलेले, कोपरे खरखरीत, टाचांना भेगा. तिने पिशवीतून एक रंगीत नळी काढली. सुरतेच्या बाजारात चांगली किंमत मोजून आणलेली. "फादर, हे लावले की कातडी मऊ होते म्हणतात. आई म्हणते पैसे फुकट गेले. तुम्ही सांगा."

आम्ही काही त्वचारोगाचे वैद्य नव्हे. पण चष्मा लावून नळीवरची बारीक अक्षरे वाचली. आत होते काय? पाणी, घट्टपणा आणणारा गोंदासारखा पदार्थ, सुवास, रंग आणि घासण्यासाठी बारीक दाणे. असे दाणे पूर्वी बहुधा प्लास्टिकचे असत. न्हाणीच्या मोरीतून ते गटारात, गटारातून तापीत आणि डुमसच्या पुढे समुद्रात जात, आणि तेथे मासे ते गिळत. अमेरिकेने 2015 साली कायदा करून धुऊन टाकायच्या प्रसाधनांतले असे मणी बंद केले. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनेही 2017 साली ते असुरक्षित ठरवले. या नळीत प्लास्टिक नव्हते, अक्रोडाच्या कवचाची पूड होती. ती कातडीला बरीच कडक पडते. आईचे म्हणणे निम्मे खरे होते, एवढेच त्या दिवशी आम्ही सांगितले आणि "घरी करून पाहू" असे आश्वासन देऊन बसलो.

आधी हे घासणे कशासाठी, ते पाहू. आपल्या कातडीचा अगदी वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो. छपरावर कौले एकावर एक रचावीत तशा त्या पेशी बसलेल्या असतात, आणि कौलांचेच काम करतात: आतली ओल आत, बाहेरची घाण व जंतू बाहेर. खालून नव्या पेशी वर सरकतात, वरच्या आपोआप गळून पडतात. हा फेरा साधारण महिन्याभराचा. म्हणजे निरोगी माणसाने कधीच अंग खरवडले नाही तरी काही बिघडत नाही. मात्र कोपर, गुडघा, टाच अशा घर्षणाच्या जागी थर साचतो, आणि धूळ, घाम, चीक त्यात अडकून बसतो. तेथे हलकी घासणी उपयोगी पडते. सुटलेली कौले काढावीत, पण छप्परच उतरवू नये.

आपल्या आज्यांना हे ठाऊक होते. दिवाळीचे उटणे, लग्नातली हळद, गुजराती शेजाऱ्यांची पीठी, गोव्याकडच्या आपल्या लोकांत लग्नाआधी अंगाला चोळतात तो नारळाच्या दुधाचा रोस, हे सगळे एकाच कुळातले. डाळीचे पीठ घासायला आणि तेल किंवा दूध वंगणाला. नळीतल्या मालात नवीन एवढेच की वंगण बुळबुळीत जेलचे असते. त्यामुळे दाणा कातडीवर घसरतो, रुतत नाही. असे जेल आपल्या बांधावरच आहे. कोरफडीचा गर म्हणजे जेलच. कोरफड नसेल तर अळशी, जिला कोणी जवस म्हणतात, तीही चालते.

पहिला प्रयोग आम्हीच स्वयंपाकघरात केला, आणि तो सपशेल फसला. कोरफडीच्या वाटीभर गरात अर्धी वाटी साखर घालून बरणी खिडकीत ठेवली. ऊस आपल्या शिवारात, कारखाने आपल्या शेजारी, मग साखरेसारखे स्वस्त दाणे कोणते, असा आमचा हिशेब. संध्याकाळी पाहतो तो साखर विरघळून नुसता पाक झालेला, आणि बरणीला मुंग्यांची रांग लागलेली. आमचा आचारी दोन दिवस हसत होता. गरात पाणी असते आणि पाण्यात साखर विरघळणारच, हे सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला सुचले नाही! साखर वापरायचीच असेल तर ऐन वेळी तळहातावरच्या जेलमध्ये चिमूटभर मिसळावी. बरणीत घालायला तांदळाचे रवाळ पीठच बरे. ते विरघळत नाही, टोचत नाही आणि घरात असतेच.

आता कृती. कोरफडीची दोन जाड, जुनी पाने बुडाशी कापा आणि कापलेले तोंड खाली करून वाटीत पंधरा मिनिटे उभी ठेवा. सालीखालचा पिवळा, कडू चीक निथळून जाऊ द्या. हा चीक कित्येकांच्या कातडीला खाज आणतो. "कोरफड आम्हाला सोसत नाही" म्हणणाऱ्या पुष्कळांचा अपराधी तोच असतो. मग पाने धुवा, काटेरी कडा काढा, साल सोला आणि स्वच्छ चमच्याने गर खरवडा. रवीने घुसळून गाळा. अर्धी वाटी गर झाला की दोन मोठे चमचे तांदळाचे रवाळ पीठ आणि एक लहान चमचा खोबरेल किंवा तिळाचे तेल घाला. पीठ आधी चाळणीने चाळा आणि वर राहिलेली जाड कणी टाकून द्या. दोन बोटांत चोळून पाहावे: बारीक रव्यासारखे लागले तर ठीक, वाळूसारखे टोचले तर पुन्हा दळावे. तांदळाऐवजी मसुरीची डाळ दळून घेतली तरी हरकत नाही.

अळशीचे जेल याहून सोपे, शिवाय जास्त घट्ट. दोन मोठे चमचे अळशी एक मोठा पेला पाण्यात मंद आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. आठ-दहा मिनिटांत पाणी अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखे तार धरते. लगेच उतरवून गरम असतानाच पातळ मलमलीतून गाळा. निवल्यावर गाळू म्हणाल तर फडक्यातून एक थेंब उतरायचा नाही, हा आमचा दुसरा धडा. पीठ व तेल वरच्याच प्रमाणात.

लिंबू घालू नका. अनेक बायका रंग उजळावा म्हणून पिळतात. कातडीवर लिंबाचा रस राहून वर ऊन पडले की भाजल्यासारखे फोड व काळे डाग उठतात, आणि आपल्याला तर दिवसभर उन्हातच काम करायचे असते. खाण्याचा सोडा, वीटकर, राख यांनाही रजा द्यावी. केळीचा चीक काढायला रॉकेलने हात धुणारे शेतकरी आम्ही पाहिले आहेत. त्याने चीक जातो, पण कातडीचे तेलही जाते आणि भेगा वाढतात. आधी गोडेतेल चोळावे, मग साबण. काळा डाग राहिलाच तर राहू द्यावा. तो पुढे त्या पेशींबरोबर गळून पडतो.

हे उटणे टिकत नाही. बाजारच्या मालात जंतू मारणारे रसायन असते, आपल्यात नाही. मध किंवा जीवनसत्त्वाची कुपी घातल्याने काम भागत नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर, बाहेर ठेवायचे तर त्याच दिवशी संपवावे. वास, रंग बदलला की फेकून द्यावे. ओला हात बरणीत घालू नये. प्रथमच वापरताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडे लावून एक दिवस वाट पाहावी.

आंघोळीत अंग भिजले की कोपर, गुडघे, पाठ, टाचा येथे हलक्या हाताने, गोल फिरवत, एखादा मिनिट चोळावे. आठवड्यातून एकदा पुरे. चेहऱ्याला नको. धुतल्यावर ओलसर अंगालाच तेल लावावे. घोसाळ्याचा वाळलेला काथ्या वापरत असाल तर प्रत्येक वेळी कडक उन्हात वाळवा, ओला राहिला की त्यात जंतूंची वस्ती होते.

येथपर्यंत सौंदर्याचे झाले. पण आम्ही हा लेख लिहायला बसलो तो पुढच्या मजकुरासाठी.

त्याच वर्षी श्रावणात आमच्या एका धर्मग्रामस्थाला ताप भरला. भातलावणीच्या दिवसांत त्याने रात्री वजरीने टाचा रक्त येईस्तोवर खरवडल्या आणि सकाळी अनवाणी चिखलात उतरला. आठवड्याने थंडीताप, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल. घरच्यांना वाटले मलेरिया. नशिबाने गावच्या आरोग्यसेविकेने पोटऱ्या दाबून पाहिल्या आणि त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात धाडले. तो लेप्टोस्पायरोसिस होता. माणूस वाचला.

आपल्या दक्षिण गुजरातेत, म्हणजे सुरत, नवसारी, वलसाड आणि 2007 साली सुरतेतून वेगळ्या झालेल्या तापी जिल्ह्यात, 1990च्या दशकापासून हा रोग पावसाळ्यात डोके वर काढतो आहे. उंदीर, घुशी, गुरे यांच्या लघवीतून याचे जंतू साचलेल्या पाण्यात उतरतात. कातडी धड असेल तर बहुधा ते बाहेरच राहतात. ओरखडा, भेग, पाण्यात फार वेळ भिजून फुगलेली कातडी मिळाली की आत शिरतात. भात आणि ऊस, दोन्ही पिके पाण्याची, म्हणून रोगी बहुतेक शेतकरी आणि शेतमजूरच.

तेव्हा वाचकहो, आषाढापासून आश्विनापर्यंत ज्याला शेतातल्या पाण्यात उतरायचे आहे त्याने पाय अजिबात घासू नयेत. वजरी नको, उटणे नको. संध्याकाळी साबणपाण्याने धुवावेत, बोटांच्या बेचक्यांसकट कोरडे करावेत, भेगांत कोकमाचे तेल किंवा व्हॅसलीन भरावे. गमबूट असतील तर घालावेत. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी. पावसाळ्यात आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात, त्या सांगतील तशा घ्याव्यात. गरोदर बाई व लहान मूल असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. पाण्यात काम केल्यानंतर साधारण पाच ते चौदा दिवसांत ताप, डोकेदुखी, पोटऱ्या दुखणे असे झाले तर "पाण्यात काम केले आहे" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगावे. डोळे पिवळे होईपर्यंत किंवा लघवी कमी होईपर्यंत थांबू नये.

दुसरी गोष्ट फवारणीची. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व मजूर दगावले. यातली बरीच औषधे कातडीतूनही शरीरात शिरतात. फवारून आल्यावर वास जात नाही म्हणून अंग खसाखसा घासणे म्हणजे विषाला दार उघडून देणे. कपडे लगेच उतरवावेत, गार पाणी भरपूर ओतावे, साबण हाताने हळू लावावा. फवारणीच्या आधी व नंतर दोन-तीन दिवस उटण्याला हात लावू नये.

दसऱ्यानंतर नंदुरबार-धुळ्याकडून कोयत्यावर येणाऱ्या आपल्या भावंडांनाही हे सांगा. उसाच्या पानावरची कुसे अंगात शिरली की खाज सुटते आणि माणूस घासतो, मग कुसे आणखी खोल जातात. आधी कपडे झटकावेत, वरून पाणी ओतून कुसे वाहून जाऊ द्यावीत, नंतर तेल लावावे. भेंडी तोडतानाही तेच.

खरूज, गजकर्ण, फोड यांवर उटणे चोळू नये, रोग पसरतो. मधुमेही माणसाने पायांना घासणी लावू नये, जखम झालेली कळत नाही. आणि अंगावर फिकट वा लालसर चट्टा असेल, त्यावर घासलेले जाणवत नसेल, तर तो घासून जाणारा मळ नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. कुष्ठरोग असलाच तर औषध मोफत मिळते आणि तो पूर्ण बरा होतो. लाजेपायी लपवलेल्या चट्ट्यांनी बोटे गमावलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.

त्या मुलीने लग्नाआधी तीन आठवडे अळशीचे उटणे वापरले. नळी तिच्या आईने परत करायला नेली, दुकानदाराने घेतली नाही.

राहिले एक. अळशीचा गाळून उरलेला चोथा गुरांच्या आंबोणात घातला तर चालतो. कोरफडीच्या साली मात्र गोठ्यात टाकू नका, तो पिवळा चीक जनावरांनाही ढाळ लावतो.