भाजणे आणि करपणे

रविवारच्या पानावर बिअरचा विषय काढला म्हणून भुवया उंचावणार, याची मला कल्पना आहे. आमच्या चोपड्यात हा शब्द अजून दबक्या आवाजातच उच्चारला जातो. पिणारे बाटली बर्फासारखी गार करतात आणि काढा घेतल्यासारखी घाईने घशाखाली उतरवतात. चव लागूच नये, अशी सारी व्यवस्था. बँकेत असताना पगाराच्या दिवशी नवऱ्याच्या आधी काउंटरवर येऊन उभ्या राहिलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यामुळे दारूचे कौतुक माझ्या तोंडून निघणे कठीण. पण चव ही निराळी गोष्ट आहे.

पुण्यात २००९ मध्ये ‘डूलाली’ सुरू झाली. बिअर जिथे बनवायची तिथेच द्यायची, अशी ही छोटी भट्टी. आता तशी ठिकाणे तिथे बरीच झाली आहेत. त्यांपैकी एकात मुलाने मला नेले आणि ‘स्टाउट’ नावाची काळी बिअर पुढे ठेवली. ग्लास उजेडात धरला तर कडेला काळ्यातून लालसर छटा दिसते. फार गार केली तर वास उठत नाही, म्हणून ती दहा-बारा अंशांवर बरी.

या रंगाचे रहस्य सोपे आहे. आपण नागलीला मोड आणतो तसे जवाला मोड आणून वाळवतात. त्यातला थोडासा भाग कॉफीच्या बियांसारखा काळा होईपर्यंत भाजतात. असे भाजण्यासाठी फिरत्या पिंपाचे पेटंट डॅनियल व्हीलर याने इंग्लंडमध्ये १८१७ साली घेतले. त्यानंतर बाकीचे धान्य फिकेच ठेवून मूठभर काळ्या दाण्यांवर सगळा रंग आणता येऊ लागला.

पहिला घोट कडवट लागला. तो तोंडात जरा घोळवला तेव्हा कॉफी आली, मग भाकरीचा खरपूस पापुद्रा, आणि शेवटी चक्क आमचा काळा मसाला! खानदेशी माणसाला ही चव शिकवावी लागत नाही. कांदा-खोबरे कुठवर भाजायचे, भरिताचे वांगे कपाशीच्या काड्यांवरून कधी उतरवायचे, हे आमच्या घरोघरी ठाऊक असते. भाजलेले आणि करपलेले यांत क्षणाचे अंतर असते. चांगली काळी बिअर त्या क्षणाच्या अलीकडे थांबलेली असते. जी जिभेवर राखेसारखी रेंगाळते, ती खुशाल ठेवून द्यावी.

मला तिथे आठवला तो मोह. चोपड्याच्या उत्तरेला सातपुड्यात पावरा आणि भिल्ल मंडळी उन्हाळ्याच्या तोंडाला पहाटे मोहाची फुले वेचतात, वाळवतात, आंबवून भट्टी लावतात. आधी देवाला, मग माणसांना. मुंबई इलाख्याने १८९२ साली या फुलांवरच कायदा केला होता. काळा गूळ आणि नवसागराची विषारी हातभट्टी आणि फुलांची ही दारू आपण एकाच नावाने मोजतो, हे मला पटत नाही. डोंगरापलीकडच्या मध्य प्रदेशाने २०२१ मध्ये मोहाच्या दारूला वारशाचा मान देण्याचे ठरवले. अलीकडे मात्र तिला जिभेवर घोळवून बघण्याची तसदी फारसे कोणी घेत नाही.

सौ.ने ग्लासला तोंड लावले नाही, नुसता वास घेतला. म्हणाली, “खोबरं चांगलं भाजलंय. कांदा मात्र विसरले.”