आर्चबिशप रोमेरो यांचं रविवारचं प्रवचन

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, की धर्मोपदेशकाने राजकारणावर बोलावं का? प्रश्न असा मोघम धरला तर उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढंच येतं, आणि दोन्हींचा उपयोग नाही. म्हणून आज एकच माणूस घेतो. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशातले सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो.

आधी प्रवचनाची घडण बघू. आपल्या नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण असतं, उत्तररंगात आख्यान. अभंग कोणता घ्यायचा हे बुवा ठरवतात. कॅथलिक मिस्सेत ही मोकळीक नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली रविवारच्या वाचनांचं तीन वर्षांचं चक्र ठरलं. जुन्या करारातला एक उतारा, प्रेषितांच्या पत्रांतला एक आणि शुभवर्तमानातला एक. वसईच्या चर्चमध्ये जे मराठीत वाचतात तेच त्या रविवारी सान साल्वादोरला स्पॅनिशमध्ये वाचलं जातं. म्हणजे उतारा आधी ठरलेला. आठवड्यात काय घडेल ते मात्र कुणी ठरवलेलं नाही. या दोहोंची गाठ घालायची, हे उपदेशकाचं काम.

आता देश. आकाराने पुणे जिल्ह्याच्या दीडपटीहूनही लहान. कॉफीचे मळे, जमीन मोजक्या घराण्यांच्या हातात, सत्ता लष्कराकडे. फेब्रुवारी १९७७ मध्ये रोमेरो आर्चबिशप झाले तेव्हा जमीनदारांना बरंच वाटलं. माणूस पुस्तकात रमणारा, सावध, नव्या विचाराच्या पाद्र्यांकडे जरा संशयानेच बघणारा. तीनच आठवड्यांत, १२ मार्चला, त्यांचे मित्र फादर रुतिलियो ग्रांदे यांना रस्त्यात गोळ्या घातल्या. ग्रांदे शेतमजुरांमध्ये काम करत. त्यांच्याबरोबर गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते आणि एक सोळा वर्षांचा मुलगा, तेही गेले. रोमेरोंनी ठरवलं, की २० मार्चच्या रविवारी साऱ्या धर्मप्रांतात एकच मिस्सा होईल, कॅथेड्रलमध्ये. पोपच्या राजदूतांना हे पसंत नव्हतं. मिस्सा झाली.

तिथून पुढे तीन वर्षं दर रविवारचं प्रवचन. चर्चच्या मालकीच्या 'वायएसएएक्स' या रेडिओ केंद्रावरून ते सगळीकडे ऐकू जायचं. बहुतेक वेळा तास-दीड तास, कधी त्याहून जास्त! (आपल्याकडे पाऊण तासाला लोक घड्याळ बघतात, मीही बघतो.) आधी शास्त्राची तीन वाचनं घ्यायची, सविस्तर, जवळजवळ वर्गात शिकवल्यासारखी. मग धर्मप्रांतातल्या बातम्या, म्हणजे कुठे सण झाला, कुठे नवा पाद्री आला. आणि मग त्या आठवड्यात देशात काय झालं ते. कोण मारला गेला, कोण बेपत्ता आहे, कोणत्या गावात. नावं घेऊन.

वर्तमानपत्रं जे छापत नव्हती ते इथे कळायचं, म्हणून लोक ऐकत, हे खरंच आहे. पण मला महत्त्वाचा वाटतो तो क्रम. बातम्या आधी आणि शास्त्र मागून, असं त्यांनी केलं नाही. आधी शास्त्राने माणूस म्हणजे कोण ते सांगायचं, मग त्या माणसाचं काय झालं ते सांगायचं. तत्त्वज्ञानाच्या भाषेत म्हणायचं तर मोठं विधान आधी, छोटं मागून. मग निष्कर्ष ऐकणाऱ्याला टाळता येत नाही.

२३ मार्च १९८० चा रविवार घ्या. फेब्रुवारीत रेडिओ केंद्र बॉम्बने उडवलं होतं, ते त्याच दिवशी पुन्हा सुरू झालं. शुभवर्तमान होतं योहानाचं, व्यभिचारात पकडलेल्या स्त्रीचं. जमाव दगड घेऊन उभा आहे, कायदा जमावाच्या बाजूने आहे आणि येशू त्या एका व्यक्तीकडे बघतो. रोमेरोंचा पहिला मुद्दा इथूनच निघाला, की सर्वांत आधी व्यक्तीची प्रतिष्ठा सोडवायला हवी. पुढे यशया आणि पौलाचं पत्र. मग आठवड्यातले मृत. आणि शेवटी ते सरळ सैनिकांशी बोलले. तुम्ही आमच्यातलेच आहात, आपल्याच शेतकरी भावांना मारता आहात. हत्या करू नये ही देवाची आज्ञा माणसाच्या हुकुमाहून वरची आहे, आणि तिच्या विरुद्धचा हुकूम पाळायला कुणी बांधील नाही. दडपशाही थांबवा, असं त्यांनी देवाच्या नावाने बजावलं.

मी हे एम.ए.च्या वर्गात शिकवायचो. एका वर्षी एका विद्यार्थ्याने हात वर केला. त्याचे वडील फौजेत होते. म्हणाला, "सर, प्रत्येक जवान असा विचार करत बसला तर सैन्य चालेल कसं?" मी थॉमस अक्वायनस सांगितला, की अन्यायी कायदा विवेकाला बांधत नाही, न्यूरेंबर्ग सांगितलं, की वरिष्ठांचा हुकूम ही सबब पुरत नाही. तो खाली बसला, पण त्याचं समाधान झालं नव्हतं. आज वाटतं, मी त्याला उगाच पुस्तकं दाखवली. रोमेरोंचा युक्तिवाद जुनाच होता. नवीन होतं ते ऐकणारं माणूस. विवेकाचा प्रश्न विद्वान नेहमी राजाला विचारतात. रोमेरोंनी तो रेडिओवरून बंदूक धरलेल्या पोराला विचारला. सैन्य कसं चालेल हा प्रश्न सेनापतीचा आहे. त्या पोराचा प्रश्न वेगळा होता: समोरच्या झोपडीवर गोळी झाडू का?

ते एका बाजूचे होते का? त्यांनी डाव्या गटांच्या अपहरणांवर आणि खुनांवरही टीका केली. मात्र दोन्हीकडची हिंसा सारखीच म्हणून हात झटकले नाहीत. भूमिहीनाला उपाशी ठेवणारी व्यवस्था हीदेखील हिंसाच, असं त्यांचं म्हणणं होतं. शांतता हवी तर आधी तिच्याकडे बघा. मला हे पटतं, जरी या युक्तिवादाचा गैरवापर सोपा आहे हे मी जाणतो.

दुसऱ्या दिवशी, २४ मार्चला संध्याकाळी, कर्करुग्णांच्या एका इस्पितळाच्या चॅपेलमध्ये मिस्सा होती. शुभवर्तमान पुन्हा योहानाचं, मातीत पडून मरणाऱ्या गव्हाच्या दाण्याचं. प्रवचन संपतासंपता दारातून एक गोळी आली. देशातलं यादवी युद्ध पुढे १९९२ पर्यंत चाललं, सुमारे ७५,००० माणसं गेली. १९९३ साली संयुक्त राष्ट्रांच्या सत्य आयोगाने खुनाचा आदेश देणारा म्हणून माजी मेजर रोबेर्तो दोब्युसाँ यांचं नाव घेतलं. ते त्याआधीच वारले होते.

आणि आपला सुरुवातीचा प्रश्न रोममध्ये बरीच वर्षं अडकून पडला. हुतात्मा ठरायला श्रद्धेच्या द्वेषाने मारलं जावं लागतं. मारणारे तर स्वतः बाप्तिस्मा घेतलेले कॅथलिक! मग हा खून श्रद्धेसाठी की राजकारणासाठी? २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी श्रद्धेसाठी असं ठरवलं, २०१८ मध्ये रोमेरो संत झाले.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्या आहेत. पहिली घेतो, अक्षर जरा बारीक आहे, चष्मा लावतो.