कुटुंबेतिहास : दूरच्या नातेवाइकांशी माहितीची देवाणघेवाण

बेंगळुरूच्या पूर्व भागातील मारतहळ्ळी हे एकेकाळचे खेडे. कन्नड भाषेत ‘हळ्ळी’ म्हणजे गाव. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० साली म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने या परिसरालगत विमानांचा कारखाना उभारला. त्यातूनच पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स हा सार्वजनिक उपक्रम आकारास आला. माहिती तंत्रज्ञान उद्योगाच्या विस्तारानंतर देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे येथे स्थायिक झाली. अशा वस्तीत वाढणाऱ्या पिढीसमोर आपले मूळ गाव कोणते व आपले भाऊबंद कोठे आहेत, हे प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे सहसा एका घरात मिळत नाहीत.

नामसाम्य आणि पुरावा

‘मारतहळ्ळी’ या नावाविषयी दोन समजुती प्रचलित आहेत. एक समजूत या नावाचा संबंध मराठ्यांशी जोडते, तर दुसरी ‘मारुत’ या लढाऊ विमानाशी. मारुतचे पहिले उड्डाण १९६१ मध्ये झाले. त्यापूर्वीच्या एखाद्या नकाशात वा महसुली कागदात हे नाव आढळल्यास दुसरी समजूत आपोआप गळून पडते. कुटुंबेतिहासासही हाच नियम लागू आहे. आडनाव सारखे असणे ही केवळ शोधाची सुरुवात होय. नाते सिद्ध होते ते कागदपत्रांनी व परस्परांपासून स्वतंत्र असलेल्या साक्षींच्या मेळाने.

शाखा आणि विखुरलेली साधने

विजापूरच्या सैन्याने १६३८ मध्ये बेंगळुरू जिंकल्यावर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. त्यांचे पुत्र एकोजी यांनी पुढे तंजावरचे राज्य स्थापिले. याच शाखेतील सरफोजी दुसरे यांच्या कारकिर्दीत, १८०३ मध्ये, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरण्यात आला. तथापि तो एका शाखेने सांगितलेला इतिहास आहे. सातारा व कोल्हापूर येथील साधनांशी तो ताडून पाहिल्यावरच घराण्याचे चित्र पूर्ण होते.

सामान्य कुटुंबांची स्थितीही याहून वेगळी नाही. गावी राहिलेल्या शाखेकडे जमिनीचे फेरफार व मोडी कागद असतात. स्थलांतरित शाखेकडे पत्रे, शाळेचे दाखले व नोकरीची कागदपत्रे असतात. नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद आढळते. मोडी लिपीचा व्यवहारातील वापर विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मागे पडल्याने आजोबांचा कागद नातवास वाचता येत नाही. दूरच्या शाखेत तो वाचणारा एखादा असू शकतो. कर्नाटकाच्या ‘भूमी’ प्रकल्पात सुमारे २ कोटी जमीन नोंदी संगणकीकृत झाल्या. मात्र त्यांतील नाव आपल्याच पूर्वजाचे आहे काय, हे अनेकदा भाऊबंदच सांगू शकतात.

विस्मृत लेकी

पारंपरिक वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे आढळतात. मुलीचे लग्न झाले की तिची शाखा तेथेच थांबते. हिंदू उत्तराधिकार (सुधारणा) अधिनियम, २००५ अन्वये मुलीस वडिलोपार्जित अविभक्त मालमत्तेत जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला. त्यामुळे वंशावळीतून नाव वगळले जाणे ही केवळ विस्मृतीची बाब राहिलेली नाही. वारसनोंदीच्या वेळी ती हक्कास बाधक ठरू शकते. लेकींच्या सासरच्या घरांशी संपर्क साधल्यास वंशावळीतील ही उणीव भरून निघते.

मर्यादा आणि दक्षता

नातेवाइकांस माहिती देणे व ती सर्वांसमोर मांडणे यांत फरक आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय एकमताने दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ मधून व्यक्तीने केवळ वैयक्तिक वा घरगुती प्रयोजनासाठी केलेला माहितीचा वापर वगळण्यात आला आहे. परंतु वंशावळ सर्वांसाठी खुली केल्यास ते प्रयोजन घरगुती राहिले असे म्हणणे कठीण आहे. म्हणून हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, पत्ते, आजार व दत्तकविधान यांविषयीची माहिती त्यांच्या संमतीवाचून पुढे पाठवू नये.

देवाणघेवाण करताना काही पथ्ये उपयुक्त ठरतात. मूळ कागद स्वतःपाशी ठेवून त्याची प्रत द्यावी. प्रत्येक नोंदीपुढे ती कागदावरून घेतली की ऐकीव आहे, हे लिहावे. दोन शाखांच्या माहितीत तफावत असल्यास एक बाजू खोडू नये, दोन्ही नोंदवाव्यात. वृद्धांच्या आठवणी मात्र सर्वप्रथम टिपून घ्याव्यात, कारण कागदाची प्रत नंतरही काढता येते. आठवणीची प्रत काढता येत नाही.

स्थलांतराने कुटुंब विखुरते, तसे त्याचे दप्तरही विखुरते. ते पुन्हा एकत्र करणे एकट्या शाखेच्या आवाक्यातील काम नव्हे. दूरच्या नातेवाइकास पाठविलेले एक पत्र दोन्ही घरांच्या इतिहासात भर घालते.