इंग्लंडच्या चर्च-शाळेतला धर्माचा तास

नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेलं मराठी कुटुंब रेडिंग, स्लाउ किंवा मिल्टन कीन्समध्ये घर बघतं, तेव्हा घराजवळची चांगली प्राथमिक शाळा पुष्कळदा ‘सेंट अमुक’ नावाची निघते. यात आश्चर्य काही नाही. इंग्लंडमधल्या सरकारी खर्चाच्या प्राथमिक शाळांपैकी सुमारे चौथा हिस्सा चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळांचा आहे. कॅथलिक शाळा त्याहून वेगळ्या. फी नाही, पगार सरकारी पैशातून. वेळापत्रकात मात्र ‘आर. ई.’ म्हणजे रिलिजस एज्युकेशनचा तास असतो. मग पुण्याहून आजी फोनवर काळजीने विचारते, “पोराला तिकडे ख्रिस्ती तर नाही ना करणार?”

आजीची काळजी खोटी नाही, पण या तासातून मुलाला काढून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यामागची कारणं समजायला थोडा इतिहास लागतो.

इंग्लंडमध्ये आधी चर्चने शाळा काढल्या, सरकार मागाहून आलं. गरिबांच्या मुलांना शिकवण्यासाठी चर्च ऑफ इंग्लंडच्या लोकांनी १८११ साली नॅशनल सोसायटी स्थापन केली आणि गावोगाव शाळा उघडल्या. सरकारने शाळांसाठी पहिलं अनुदान दिलं ते १८३३ मध्ये. १८७० च्या कायद्याने जिथे शाळा नव्हत्या तिथे सार्वजनिक शाळा उघडायचं ठरलं, तेव्हा धर्मावरून रान पेटलं. शेवटी तोड निघाली. नव्या शाळांत कुठल्याही एका पंथाची धर्म-प्रश्नोत्तरी (कॅटेकिझम) शिकवायची नाही, आणि अनुदान घेणाऱ्या कुठल्याही शाळेत आईबापांना आपलं मूल धर्माच्या तासातून काढून घेता येईल. हा दुसरा हक्क आजही शाबूत आहे, चर्चच्या शाळेतसुद्धा.

१९४४ च्या कायद्याने चर्च-शाळांचे दोन मुख्य प्रकार केले, आणि पालकांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. ‘व्हॉलंटरी कंट्रोल्ड’ शाळेत धर्माचा अभ्यासक्रम साधारणपणे स्थानिक पातळीवर ठरलेला असतो, शेजारच्या बिगर-चर्च शाळेत असतो तोच. ‘व्हॉलंटरी एडेड’ शाळेत तो चर्चच्या परंपरेनुसार ठरतो. आता पुष्कळ शाळा ‘अकॅडमी’ झाल्या आहेत, पण हा मूळ भेद त्यांच्या करारांतही उतरला आहे. १९८८ च्या कायद्याने स्थानिक अभ्यासक्रमात ख्रिस्ती धर्माला मुख्य स्थान ठेवलं आणि देशातल्या इतर प्रमुख धर्मांची दखल घेणं बंधनकारक केलं. चर्च ऑफ इंग्लंडची स्वतःची अपेक्षाही लेखी आहे: या विषयाला एकूण वेळेच्या ५ ते १० टक्के वेळ द्यावा, आणि त्यातला निदान निम्मा ख्रिस्ती धर्मासाठी असावा. म्हणजे हिंदू, मुस्लिम, ज्यू, शीख धर्म याच तासाला येतात.

रोजची सामुदायिक उपासना ही मात्र वेगळी गोष्ट. तिथे प्रार्थना होते, गाणी होतात. तासाला शिक्षिका “ख्रिस्ती लोकांची अशी श्रद्धा आहे” या भाषेत बोलते. पालकांना एकातून मूल काढून दुसऱ्यात ठेवता येतं, आणि ज्यांना उपासना नको वाटते त्यांनी खुशाल तसं करावं.

प्रत्यक्ष तासात काय होतं? २०१६ साली आलेलं ‘अंडरस्टँडिंग ख्रिश्चॅनिटी’ हे पाठ्यसाहित्य बऱ्याच चर्च-शाळा वापरतात. त्यात निर्मिती, पतन, देवाचा अवतार, तारण अशा मोजक्या संकल्पना घेतल्या आहेत आणि मूल मोठं होईल तसतशी तीच संकल्पना जास्त खोलात जाऊन पुन्हा येते. प्रत्येक वेळी आधी बायबलमधला उतारा वाचायचा, मग ख्रिस्ती माणसं त्यामुळे कशी वागतात ते पाहायचं, आणि शेवटी स्वतःच्या विचारांशी ताडून बघायचं.

नाताळचं उदाहरण घ्या. चार-पाच वर्षांची मुलं गव्हाणीतलं बाळ, मेंढपाळ आणि तीन राजे यांचं नाटुकलं करतात. दहाव्या वर्षी त्याच मुलांपुढे बायबलमधल्या मत्तय आणि लूक यांच्या शुभवर्तमानांतले उतारे शेजारी शेजारी ठेवता येतात. मेंढपाळ फक्त लूककडे आहेत. पूर्वेकडचे ज्ञानी फक्त मत्तयकडे, आणि तो त्यांना राजे म्हणत नाही. ते तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही, भेटी तेवढ्या तीन आहेत. नाटकातलं गाढव तर दोघांकडेही सापडत नाही. मग या दोन लेखकांना नेमकं काय सांगायचं होतं, राजे कुठून आले, परंपरा कशी घडते, अशी चर्चा दहा वर्षांची मुलं करू शकतात. धर्मग्रंथ आदराने आणि डोळे उघडे ठेवून वाचायचं हे शिक्षण मला फार मोलाचं वाटतं. रामायणाची वेगवेगळी रूपं पुढे वाचताना आपल्या मुलांना ते कामी येईल.

लहान वर्गांत काही शिक्षिका ‘गॉडली प्ले’ची रीत वापरतात. अमेरिकेतल्या जेरोम बेरीमन यांनी ती बसवली. तिचं मूळ माँटेसरी पद्धतीत आहे. मुलं गोल करून जमिनीवर बसतात. मध्ये वाळूचा पेटारा. शिक्षिका हाताने वाळूच्या लाटा करते आणि अब्राहाम व साराच्या लाकडी बाहुल्या त्यातून हळूहळू पुढे सरकवते. बोलताना तिची नजर वाळूवर असते, मुलांवर नाही. गोष्ट संपली की तात्पर्य सांगायचं नाही. कुठला भाग सर्वांत आवडला, यातलं काय वगळलं तरी गोष्ट टिकेल, असं नुसतं विचारायचं आणि गप्प राहायचं. लवकर बोलून त्या शांततेत शिक्षिकेनेच उत्तर भरलं, की सगळं फुकट गेलं.

इतकं चांगलं सगळीकडे घडत नाही. प्राथमिक शिक्षिकेला सगळेच विषय शिकवायचे असतात, आणि प्रशिक्षणात या विषयाच्या वाट्याला जेमतेम काही तास येतात. पुष्कळदा वर्गशिक्षिकेच्या तयारीच्या वेळेत हा तास मदतनिसाकडे जातो. मग उरतं रंग भरणं. इतर धर्मांचे धडे त्यात जास्त भरडले जातात. दिवाळी म्हणजे राम-सीतेचं अयोध्येला परतणं, कागदी पणती आणि रांगोळीचा तक्ता, एवढ्यावर विषय आटोपतो. वसुबारस, नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान, पायाखाली फोडलेलं कारीट, मुलांनी मातीचा केलेला किल्ला हे त्या शिक्षिकेला कुणी सांगितलेलंच नसतं. तिचा त्यात काय दोष?

आपल्याकडची व्यवस्था वेगळी आहे. राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धर्मशिक्षण देता येत नाही, आणि अनुदानित संस्थेत पालकांच्या संमतीशिवाय लहान मुलाला त्यात बसवता येत नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या अनेक मिशनरी शाळांत ख्रिस्ती मुलं कॅटेकिझमला जातात, आणि त्याच वेळी बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. यामुळे शाळेत सलोखा राहिला, हे खरंच. पण दहा वर्षं कॉन्व्हेंटमध्ये काढलेल्या मराठी मुलाला शेजारच्या बाकावरचा मित्र ईस्टरला नेमकं काय साजरं करतो ते माहीत नसतं, आणि त्या मित्राला संतपरंपरा भेटते ती फक्त मराठीच्या पुस्तकात. इतक्या धर्मांच्या देशात ही उणीव मला बोचते.

तेव्हा तिकडच्या मराठी पालकांनी प्रवेशाआधी शाळेच्या संकेतस्थळावर तिचा प्रकार आणि आर. ई.चं धोरण वाचावं. अभ्यासक्रम स्थानिक की चर्चचा, आठवड्याला किती वेळ, शिकवतं कोण, हिंदू धर्म कुठल्या इयत्तेत येतो, हे मुख्याध्यापकांना सरळ विचारावं. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच वर्गशिक्षिकेला गाठून सांगावं, की दिवाळीच्या धड्याला मी अर्धा तास येते, किल्ल्याचे फोटो आणि थोडं उटणं घेऊन. बहुतेक शिक्षिका आनंदाने हो म्हणतील.