संविधानातील बुद्धचित्र : आदर कशाचा करावा?

वर्धा जिल्ह्यातील हिंगणी येथे धम्मप्रवचनानंतर एका उपासकाने आम्हांस विचारले, "संविधानात तथागतांचे चित्र आहे, मग संविधान हा बौद्ध ग्रंथ ठरतो काय?" प्रश्न निष्ठेपोटी आला होता, म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

हे चित्र संविधानाच्या हस्तलिखित प्रतीत आहे. तिचा इंग्रजी मजकूर प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी टाकाने शाईत लिहिला; चित्रे शांतिनिकेतनचे नंदलाल बोस (१८८२-१९६६) व त्यांचे शिष्य यांनी काढली. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी तिच्यावर स्वाक्षऱ्या केल्या. बोस यांना हा विषय परिचित होता. लेडी हेरिंगहॅम यांच्या उपक्रमात त्यांनी तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. संविधानाच्या भागांच्या आरंभी त्यांनी भारताच्या इतिहासाची व परंपरांची चित्रमालिका मांडली. भाग ३ वर राम, सीता व लक्ष्मण, भाग ४ वर कृष्ण व अर्जुन, भाग ५ वर तथागत, भाग ६ वर महावीर आणि भाग ७ वर अशोककालीन धम्मप्रसार आहे.

यांपैकी भाग ७ हा १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने वगळण्यात आला. मूळ प्रतीवरील अशोकाचे चित्र मात्र आजही जागेवर आहे. यावरून स्पष्ट होते की, चित्र हा कायद्याचा अंश नव्हे. मूलभूत हक्कांवरील रामाचे चित्र दाखवून कोणी संविधानावर आपल्या धर्माचा हक्क सांगितला, तर तो आपण मान्य करणार नाही. तीच कसोटी आपल्या प्रिय चित्रासही लावणे प्राप्त आहे.

पालि साहित्यातही असाच विवेक आढळतो. कालिंगबोधि जातकात चैत्याचे सारीरिक, पारिभोगिक व उद्देसिक असे तीन प्रकार सांगितले असून, उद्देसिक चैत्य केवळ मनावर अवलंबून असतो, असे म्हटले आहे. बुद्धप्रतिमा पुढे याच प्रकारात गणली गेली. प्रतिमा हे स्मरणाचे साधन होय. तिचे मोल पाहणाऱ्याच्या चित्तावर ठरते.

मग संविधानात धम्म कोठे शोधावा? स्वातंत्र्य, समता व बंधुता ही तत्त्वे आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नसून तथागतांच्या शिकवणुकीतून घेतली, असे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवरील भाषणात सांगितले. ही तिन्ही तत्त्वे संविधानाच्या उद्देशिकेत आहेत.

म्हणून त्या उपासकास आम्ही एवढेच म्हणालो : भाग ५ वरील चित्रास अवश्य वंदन करावे, मात्र त्यानंतर पाने मागे उलटून उद्देशिका वाचावी, आणि बंधुता आपल्या गावात किती उतरली, ते स्वतःस विचारावे.