पद्मिनीचा गंज उतरवताना

आजोबांची जुनी गाडी ताडपत्रीखाली गंजत पडली आहे? ती घरच्या घरी पुन्हा उभी करता येते. मात्र सुरुवात रंगापासून नव्हे, पत्र्यापासून करायला हवी.

कोणत्याही जुन्या सोसायटीच्या आवारात किंवा गावाकडच्या वाड्यामागे नजर टाका. चाकांतली हवा गेलेली, काचांवर धुळीचे थर चढलेली एखादी प्रीमियर पद्मिनी तिथे हमखास सापडते. भंगारवाला महिन्यातून एकदा भाव विचारून जातो. घरातले वडीलधारे ‘राहू दे रे’ म्हणतात आणि तरुण मुलगा म्हणतो, ‘मी करतो हिला नीट!’

सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर कंपनीने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट ११०० वरून ही गाडी बनवली. १९७४ मध्ये तिला ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. तिचे उत्पादन कधीच थांबले आहे. मुंबईतील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपताच, ऑक्टोबर २०२३ मध्ये, ही काळी-पिवळी रस्त्यावरून गेली. म्हणूनच घराघरांत उरलेल्या गाड्यांबद्दल आता नव्याने ओढ वाटू लागली आहे.

हौसेला मोल नसते हे खरे, पण खिशाला तळ असतो! अशा कामात पैसा वाया जातो तो बहुतेक वेळा उलट्या क्रमाने सुरुवात केल्यामुळे. आधी चकचकीत रंग, नवी सीटकव्हरे, म्युझिक सिस्टीम आणि सहा महिन्यांनी रंगाखालून गंजाचे फोड!

आधी कागद, मग पाना

गाडीला हात लावण्यापूर्वी नोंदणी पुस्तक शोधा. गाडी दिवंगत आजोबांच्या नावावर असेल तर वारसाच्या नावे करून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. दिल्ली परिसरात जुन्या गाड्यांचे नियम अधिक कडक आहेत. तेथील वाचकांनी खर्चात पडण्यापूर्वी चौकशी करावी.

दुसरा प्रश्न घरातल्या सर्वांनी बसून सोडवावा. गाडी जशी होती तशीच ठेवायची, की तिच्यात बदल करायचे? पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला २०२१ च्या नियमांनुसार ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते, पण त्यासाठी तिचे मूळ रूप कायम असावे लागते. शिवाय अशी गाडी रोज वापरता येत नाही. ती रॅली, प्रदर्शन किंवा दुरुस्तीसारख्या कारणांसाठीच बाहेर काढायची. मुलांना शाळेत सोडायला गाडी हवी असेल, तर हा मार्ग तुमचा नव्हे.

गंज कुठे लपतो?

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत तो अधिक वेगाने पसरतो. पद्मिनीच्या बाबतीत एक गोष्ट नीट समजून घ्या. ट्रक किंवा जीपप्रमाणे तिला खाली वेगळी चासी नाही. फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पेट्या, खांब आणि छप्पर मिळूनच तिचा सांगाडा होतो. म्हणजे फ्लोअर कुजला तर फक्त चटईखाली भोक पडते असे नाही. गाडीची हाडेच कमजोर होतात.

म्हणून आधी सीट, चटया आणि दारांची आतली आवरणे काढा. फ्लोअर, डिकीत स्टेपनी ठेवायचा खड्डा, दारांच्या खालच्या कडा, मडगार्डच्या आतली बाजू, बॅटरीखालचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे बसतात ती जागा नीट पाहा. एक साधे लोहचुंबक कपड्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही, तिथे पत्रा नसून पुट्टी आहे असे समजा. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भदभद वाजतो.

वरवरचा गंज वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने घरी निघतो. गाडीचा जुना रंग शिशाचा असू शकतो, म्हणून तो कोरडा घासू नका. पाणी लावून घासा, मास्क वापरा आणि लहान मुलांना दूर ठेवा. नटबोल्ट, बिजागऱ्या असे छोटे भाग दिवसभर व्हिनेगरमध्ये बुडवून ब्रशने घासले तरी स्वच्छ होतात. नंतर धुऊन, पूर्ण वाळवून लगेच प्रायमर लावा, नाहीतर उघड्या लोखंडावर रातोरात पुन्हा लाली चढते.

आरपार भोके पडली असतील तर मात्र कुशल वेल्डर गाठा. कुजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा तुकडा जोडायला सांगा. कुजक्या भागावर नुसता पत्रा ठोकून घेऊ नका. दोन पत्र्यांमध्ये पाणी साचते आणि गंज आतून वाढत राहतो. दोन्ही बाजूंच्या पेट्या एकाच वेळी कापू देऊ नका, गाडी मधोमध वाकेल. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवा, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतही पेट्रोलची वाफ असते. तिला घरी कधीच वेल्डिंग करू नये.

आधी थांबायला शिकवा, मग धावायला

पत्र्यानंतर पाळी ब्रेकची. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. वर्षानुवर्षे उभ्या गाडीत त्यांचे रबर कडक होते, लोखंडी नळ्या आतून गंजतात. रबरी भाग, होज आणि ब्रेक ऑइल सरसकट बदला. जुन्या ब्रेक शूमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, तेव्हा ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका. भक्कम स्टँड लावल्याशिवाय तो हट्ट नको.

१०८९ सीसीचे इंजिन साधे आहे आणि जुन्या मिस्त्रींच्या हातात ते आजही बसलेले आहे. ते जाम असेल तर स्टार्टर मारू नका. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे ऑइल सोडा, एक-दोन दिवस थांबा आणि मग हाताने हळूहळू फिरवून पाहा. आजच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुने रबर त्याने खराब होते, म्हणून पेट्रोलचे पाइप आणि पंप-कार्बोरेटरचे रबरी भाग इथेनॉल सोसणारे बसवा. टाकीही आतून स्वच्छ करून घ्या.

सुट्या भागांसाठी मुंबईत ऑपेरा हाउस, दिल्लीत काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट आणि कोलकात्यात मलिक बाजार ही जुनी ठिकाणे आहेत. जाताना जुना भाग सोबत न्या. ‘असाच द्या’ म्हणणे वर्णन करण्यापेक्षा सोपे पडते.

बदल करा, पण बेताने

हौशी मंडळींचे मन इथेच घसरते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील मूळ वैशिष्ट्यांत मनमानी बदल करता येत नाहीत. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. छप्पर कापणे, दुसऱ्या गाडीचे मोठे इंजिन बसवणे यांत दंडाचा धोका आहेच. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. जुन्या सांगाड्याला आणि जुन्या ब्रेकना तो जोर पेलवणारही नाही. नोंदणी पुस्तकात रंगही लिहिलेला असतो, बदलणार असाल तर परिवहन कार्यालयाला कळवा.

मग काय करावे? गाडी नीट थांबेल, रात्री नीट दिसेल आणि आतली माणसे सुरक्षित राहतील, असे बदल निवडा. चांगले टायर, रिले लावलेले हेडलाइट, फ्यूजसह नवे वायरिंग आणि सीट बेल्ट. पट्ट्यांचे बोल्ट मात्र निरोगी पत्र्यात, मागून जाड पट्टी देऊनच बसवा. कुजक्या फ्लोअरला बांधलेला पट्टा गरजेच्या क्षणी उखडून हातात येतो. काढलेला प्रत्येक मूळ भाग पुसून, चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा. उद्या मुलांना गाडी जुन्या रूपात हवीशी वाटली, तर तो रस्ता उघडा राहील.

रंग शेवटी

पोकळ पेट्यांच्या आत गंजरोधक मेण, जोडांवर सीलर, दारांखालची पाणी निघायची भोके मोकळी आणि मग रंग. कव्हर घालायचे तर हवा खेळणारे घाला. प्लॅस्टिकच्या ताडपत्रीखाली ओल कोंडते आणि तीच गाडी खाते.

रोजच्या वापरासाठी पद्मिनी उभी करणे नवी गाडी घेण्यापेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. तेव्हा पहिल्या तपासणीनंतर घरच्यांसमोर खर्चाचा आकडा मांडा आणि ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा न दिसणाऱ्या गंजासाठी वेगळा ठेवा. सांगाडाच गेलेला असेल, तर तिचे सुटे भाग दुसऱ्या पद्मिनीला देणे हाही मानाचा निरोप आहे. पण हाडे शाबूत असतील तर घाई न करता रविवारमागून रविवार द्या. आजोबांना शेजारी खुर्ची टाकून बसवा. कोणत्या खटक्याला दार लागते आणि चोक किती ओढायचा, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?