डाव्या-उजव्या स्फटिकांची कथा

बसवकल्याणच्या घराघरांत आमटीला आंबटपणा येतो तो चिंचेच्या कोळाने. हा आंबटपणा मुख्यतः टार्टरिक आम्लाचा. या आम्लाचे रेणू डावे आणि उजवे अशा दोन रूपांत असू शकतात. घटक तेच, जोडणीही तीच. परंतु डावा जोडा उजव्या पायात बसत नाही, तसे हे रेणू परस्परांशी जुळत नाहीत. चिंचेचे झाड यांपैकी एकच रूप घडविते. साध्या रासायनिक क्रियेत मात्र दोन्ही रूपे समसमान निघतात. मग एकाच बाजूला झुकते माप मिळते कसे?

1848 मध्ये लुई पाश्चर यांनी या आम्लाच्या एका क्षाराचे स्फटिक तपासले. त्यांत परस्परांच्या प्रतिबिंबासारखे दोन प्रकार त्यांना दिसले. ते त्यांनी चिमट्याने वेचून निराळे केले. त्यांच्या द्रावणांनी ध्रुवित प्रकाश परस्परविरुद्ध दिशांना वळविला. यात थंड हवेचा वाटाही होताच. तापमान सुमारे 27 अंशांहून अधिक असते, तर दोन्ही रूपे एकाच स्फटिकात गुंफली गेली असती. बसवकल्याणच्या वैशाखात हा प्रयोग फसलाच असता!

सोडियम क्लोरेटची गोष्ट याहून नवलाची. त्याचे द्रावण डावेही नसते, उजवेही नसते. स्फटिक मात्र या दोहोंपैकी एका प्रकारचा होतो. द्रावण स्थिर ठेवल्यास दोन्ही प्रकार सारखेच मिळतात. 1990 मध्ये दिलीप कोंडेपुडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते ढवळत ठेवले, तेव्हा एका भांड्यातील जवळजवळ सारे स्फटिक एकाच प्रकारचे निघाले. पहिला स्फटिक जणू विरजण ठरतो. ढवळताना त्याचे कण सुटतात, प्रत्येक कण त्याच जातीचे बीज होतो, आणि द्रावण विरळ होत गेल्याने विरुद्ध बीजाला वावच उरत नाही. पहिला मान डाव्याचा की उजव्याचा, हे मात्र केवळ योगायोग ठरवितो.

2005 मध्ये स्पेनच्या क्रिस्तोबाल व्हिएद्मा यांनी दोन्ही प्रकारांचे मिश्रण काचेच्या मण्यांसह ढवळले. स्फटिक झिजत, विरघळत आणि पुन्हा वाढत राहिले. अखेरीस एकच प्रकार उरला. आरंभीचे किंचित आधिक्यच सर्वस्व व्यापून बसले.

हृदयरोग्यांना दिल्या जाणाऱ्या क्लोपिडोग्रेल या औषधाचे एकच रूप रक्ताची गुठळी रोखते. त्याच्या निर्मितीसाठीही ही घर्षणाची युक्ती संशोधकांनी वापरून पाहिली आहे. सजीवसृष्टीने मुळात एकच बाजू का निवडली, हे कोडे अद्याप सुटलेले नाही. परंतु अल्पशा झुकावाचे पूर्ण वर्चस्वात रूपांतर होऊ शकते, याची साक्ष हे मूठभर स्फटिक देतात.